अणू आहेत, पण कशावरून?

आठवीचा पाचवा धडा, अणूचे अंतरंग, मला दरवर्षी शिकवायला सगळ्यात जड जातो आणि मुलांना तो सगळ्यात सोपा वाटतो, आणि खरी गोची इथेच आहे. सोपा का वाटतो, तर त्यात पाठ करायला व्याख्या आहेत, कंपास घेऊन काढायला गोल आहेत, गोलांवर निळ्या पेनाने ठिपके द्यायचे, मधे प्रोटॉन न्यूट्रॉनचे आकडे लिहायचे, झाला सोडियम. दोन, आठ, एक. मार्क खिशात. अणू डोळ्यांना दिसत नाही हे त्यांना मान्य, त्यात इलेक्ट्रॉन फिरतात हे मान्य, आतली बहुतेक सगळी जागा रिकामी असते हेही मान्य, म्हणजे तुम्ही बसलाय तो लोखंडी बाक जवळजवळ पोकळच आहे असं मी सांगते आणि अख्खा वर्ग मान डोलवतो, एकालाही वाटत नाही की ही बाई काहीतरीच बोलतेय.

ही मान डोलवणी मला खटकते. कारण १९०० च्या सुमाराला जर्मनीत विल्हेल्म ओस्टवाल्ड नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता, साधासुधा नाही, पुढे १९०९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेला माणूस, आणि तो अणू मानायचा नाही. हिशोबाला सोयीची कल्पना आहे, ठीक आहे, पण खरंच असे कण असतात असं कशावरून, दाखवा, असं तो म्हणायचा. अर्न्स्ट माख हा मोठा भौतिकशास्त्रज्ञ पण तेच म्हणायचा. मग १९०८-०९ च्या सुमाराला एकेक पुरावे असे येत गेले की ओस्टवाल्डने स्वतःच लिहून टाकलं, पटलं बुवा, आहेत अणू. आता जे त्या काळातल्या एवढ्या मोठ्या डोक्याला पटायला इतकी वर्षं लागली ते आमच्या पोरांना एका तासिकेत पटतं, म्हणजे त्यांना पटलेलं नाहीये, त्यांनी फक्त लिहून घेतलंय.

म्हणून मी हल्ली हा धडा उलटा सुरू करते. आकृती सगळ्यात शेवटी. पोर्शन मागे पडतो, घटक चाचणीच्या आधी धावपळ होते, एकदोन पालक विचारून पण जातात की वहीत अजून काहीच कसं नाही, पण त्याला इलाज नाही.

पहिला प्रश्न ठरलेला येतो आणि तो यायलाच हवा, की मॅडम अणूचा शोध तर आपल्या कणादांनी लावला ना. मी म्हणते विचार मांडला, हो, आणि फार मोठा विचार होता, ग्रीसमध्ये डेमोक्रिटसने पण मांडला, की वस्तू तोडत गेलो तर कुठेतरी थांबावं लागेल. पण तो बसून केलेला विचार. पुढे इंग्लंडात डाल्टनने अणू मांडले तेव्हा त्याच्याकडे वजनं होती, फरक तेवढाच आणि तोच मोठा. फळ्यावर लिहायचं, १२ ग्रॅम कार्बन १६ ग्रॅम ऑक्सिजनशी जुळला की कार्बन मोनॉक्साईड, तोच १२ ग्रॅम कार्बन ३२ ग्रॅम ऑक्सिजनशी जुळला की कार्बन डायऑक्साईड. सोळा आणि बत्तीस. बरोब्बर दुप्पट. मधे एकोणीस नाही, साडेतेवीस नाही. पदार्थ जर सलग असता, पाण्यासारखा हवा तेवढा ओतता आला असता, तर एकोणीसला काय अडचण होती? इथे दोनचार डोकी वर होतात, बाकीचे वहीत १६ आणि ३२ लिहून चौकट करतात. आणि हाच डाल्टन पाण्याच्या बाबतीत सपशेल चुकला होता, त्याने पाणी एक हायड्रोजन एक ऑक्सिजन असं धरलं, म्हणजे एच टू ओ नाही तर नुसतं एच ओ, त्यामुळे ऑक्सिजनचं वजन त्याचं भलतंच आलं. हे सांगितलं की वर्गात जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो.

आता मुख्य गोष्ट, परात. हा प्रयोग मी मनापासून सगळ्यांना सांगते कारण खर्च शून्य आहे आणि शेवटी हातात रेणूचा आकार येतो, पुस्तकातला नाही, स्वतः मोजलेला.

मोठी स्टीलची परात घ्यायची, निदान दीड फुटाची. शाळेत खिचडीच्या पराती असतात पण त्यांना हात लावायचा नाही, त्या कितीही घासल्या तरी तेलकट राहतात. घरून आणायची, आणि साबणाने घासली तर मग भरपूर पाण्याने खळखळून धुवायची कारण साबण जरा जरी राहिला तरी सगळा प्रयोग बसतो, तेल पसरतच नाही. परातीत पाणी भरायचं, पाणी स्थिर झालं की वरून टाल्कम पावडर अगदी हलक्या हाताने भुरभुरायची, फुंकर मारल्यासारखी. पोरं इथे हमखास जास्त पावडर टाकतात, मग वर साय धरल्यासारखा थर होतो आणि परत पाणी बदला. मग वायरमधली एक बारीक तांब्याची तार काढायची, टोकाला वाकवायची, शेंगतेलात बुडवून झटकायची, आणि टोकावर जो बारीकसा थेंब राहतो तो पट्टीला लावून भिंगातून बघायचा. अर्धा मिलिमीटर झाला पाहिजे. मोठा असेल तर पुसा, परत बुडवा. याला वेळ लागतो आणि लागू द्यावा, कारण त्या एवढ्याशा थेंबाकडे आख्खा गट श्वास रोखून बघत असतो, एरवी मी बोलते तेव्हा असं कोणी बघत नाही.

मग तो थेंब परातीच्या मधोमध पाण्याला टेकवायचा. फटकन पावडर बाजूला सरकते आणि मधे स्वच्छ गोल तयार होतो, साधारण वीस सेंटिमीटरचा. अर्ध्या मिलिमीटरच्या थेंबाचा! पोरं ओरडतातच. आणि तो गोल तिथेच थांबतो. परात अजून मोकळी असते, पसरायला जागा असते, तरी थांबतो.

आता गणित. गोलाचं घनफळ नववीत येतं, त्यामुळे आम्ही थेंब चक्क घन धरतो, अर्धा गुणिले अर्धा गुणिले अर्धा, ०.१२५ घन मिलिमीटर. (खरा गोल धरला तर याच्या साधारण निम्मं येतं, पण इथे निम्म्या-दुपटीला कोण विचारतंय.) वर्तुळाचं क्षेत्रफळ त्यांना येतं, त्रिज्या १०० मिमी, म्हणजे ३१,४०० चौरस मिमी. तेल तेवढंच आहे, फक्त चपटं झालंय. म्हणजे जाडी ०.१२५ भागिले ३१,४००. उत्तर ०.०००००४ मिमी. शून्यं मोजताना भांडणं होतात. चार नॅनोमीटर, आणि गोल धरून केलं तर दोन. कोणाचं दीड येतं, कोणाचं सहा येतं, एका गटाचं दरवर्षी चारशे येतं कारण त्यांनी सेंटिमीटर आणि मिलिमीटर एकत्र केलेले असतात. पण दोन ते चार म्हणजे एका मिलिमीटरात अडीच ते पाच लाख थर. तेलातल्या फॅटी ॲसिडची साखळी बहुतेक १८ कार्बनची असते आणि तिची लांबी साधारण दोन नॅनोमीटर भरते. सातवीत व्हाईटनर लावून आणलेल्या पट्टीने आम्ही हे मोजलं.

पण थर एकाच रेणूचा आहे कशावरून, दोन का नसतील? हा प्रश्न एका वर्षी मागच्या बाकावरून आला आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू. मग दुसरा थेंब टाकून बघितला. क्षेत्रफळ दुप्पट झालं, म्हणजे गोल साधारण २८ सेंटिमीटरचा. तेल वाढवलं तरी जाडी तीच राहते, म्हणजे तेलाला यापेक्षा पातळ होता येत नाहीये एवढं नक्की. पण एक की दोन हे यावरून ठरत नाही आणि मी तसंच सांगितलं. पुढे क्ष-किरणांनी स्फटिकांमधली अंतरं मोजली गेली तेव्हा आकडे जुळले. उत्तर अर्धवट राहिलं म्हणून पोरं नाराज झाली नाहीत, उलट परात सोडायला तयार नव्हती.

आणि इथे ॲग्नेस पॉकेल्सची गोष्ट मी सांगतेच सांगते, विशेषतः मुलींना. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगची ही बाई. तिच्या काळात मुलींना तिथे विद्यापीठात प्रवेश नव्हता, घरी आईवडील आजारी, स्वयंपाक भांडी हिच्याकडे. भांडी घासताना साबण आणि तेलाने पाण्याचा पृष्ठभाग कसा वागतो हे बघता बघता विशीतच तिने घरच्या घरी पत्र्याचं एक लांबट भांडं तयार केलं, त्यावर सरकती पट्टी, आणि मोजायला सुरुवात केली. भाऊ भौतिकशास्त्र शिकत होता, त्याच्याकडून पुस्तकं मिळायची. १८९० मध्ये इंग्लंडात लॉर्ड रॅले पण पाण्यावर ऑलिव्ह तेल पसरवून जाडी मोजत होता, ते कळल्यावर तिने जानेवारी १८९१ मध्ये त्याला सरळ पत्र लिहिलं. आणि रॅलेचा मोठेपणा असा की त्याने ते पत्र भाषांतर करवून घेऊन नेचर या नियतकालिकाकडे पाठवलं, ते छापून आलं. आज प्रयोगशाळांमध्ये जी यंत्रं यासाठी वापरतात ती तिच्याच भांड्याची सुधारलेली आवृत्ती. भांडी घासणं हा विषय निघाला की आमच्याकडच्या मुली एकमेकींकडे बघून हसतात, त्या हसण्यात काय काय असतं ते मला बरोबर कळतं.

सूक्ष्मदर्शकाखाली पाणी घातलेल्या दुधाचा थेंब पण दाखवते, ४०० पटीत. दुधातले स्निग्धाचे बारीक गोळे जागच्या जागी थरथरत असतात, थांबतच नाहीत. त्यांना ढकलणारं पाणी दिसत नाही, गोळे दिसतात. आईनस्टाईनने १९०५ मध्ये याचं गणित मांडलं, पेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते मोजून दाखवलं आणि ओस्टवाल्डसारखे लोक शेवटी याच्यापुढेच नमले. एवढं सांगून मी पुढे जाते कारण आमच्याकडे चालू स्थितीतला सूक्ष्मदर्शक एकच आणि रांग मोठी.

मग अंतरंग. थॉमसनला इलेक्ट्रॉन सापडला १८९७ ला, अणू प्लम पुडिंगसारखा आणि त्यात बेदाण्यांसारखे इलेक्ट्रॉन असं त्याचं म्हणणं, पण ते पुडिंग वर्गात एकानेही खाल्लेलं नाही, मीही नाही, त्यामुळे तिथे फार वेळ घालवत नाही. रुदरफर्डचा प्रयोग मात्र सावकाश. पुस्तकात चार ओळीत उरकलंय आणि रुदरफर्डने केलं असं एकट्याचं नाव, पण १९०९ मध्ये मँचेस्टरला अंधाऱ्या खोलीत बसून डोळे फोडले ते गायगर आणि मार्सडेन यांनी, आणि मार्सडेन तेव्हा वीस वर्षांचा विद्यार्थी होता. समोर धातूचा वर्ख, सोन्याचा वगैरे, बाजूला झिंक सल्फाईडचा पडदा, त्यावर अल्फा कण (किरणोत्सारी पदार्थातून वेगाने सुटणारा कण) आपटला की इवलासा उजेड चमकणार आणि तो सूक्ष्मदर्शकातून बघून मोजायचा. आधी अंधारात बसून डोळे सरावू द्यायचे आणि मग मोजत बसायचं. बहुतेक कण आरपार. पण साधारण आठ हजारात एक उलटा परत! अल्फा कण इलेक्ट्रॉनपेक्षा सात हजार पटींहून जड, त्याला मागे फिरवणारं आत काहीतरी जड, घट्ट आणि अगदी लहान असलंच पाहिजे, हे रुदरफर्डने १९११ ला मांडलं. किती लहान, तर केंद्रक मोहरीच्या दाण्याएवढं धरलं, दोन मिलिमीटर, तर अणू दोनशे मीटरचा होतो. आमच्या शाळेच्या गेटपासून एसटी स्टँडच्या अलीकडच्या रसवंतीपर्यंत. मधे मोहरी आणि बाकी जवळपास काही नाही.

आणि मग ते प्रश्न येतात ज्यांच्यासाठी मी हा सगळा उद्योग करते. मॅडम, एवढं रिकामं आहे तर हात भिंतीतून आरपार का जात नाही? उत्तर सोपं नाही, भिंतीतले आणि हातातले इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर लोटतात आणि शिवाय दोन इलेक्ट्रॉन एकाच स्थितीत बसायला मुळात तयारच नसतात, याचं पूर्ण उत्तर बारावीच्याही पुढचं आहे, असं मी स्पष्ट सांगते. दुसरा, रिकाम्या जागेत काय असतं? याला वर्गातूनच उत्तर येतं, हवा. दरवर्षी येतं. हुशार पोरं पण देतात. मग विचारायचं, हवा कशाची बनलेली असते? रेणूंची. आणि त्या रेणूंच्या आत? थोडा वेळ शांतता आणि मग कोणीतरी कपाळावर हात मारून घेतं. तसंच तांब्याचा एकेक अणू तांबूस असतो, बर्फाचे रेणू गार आणि कडक असतात, तापवलं की अणू फुगतात, हे सगळं मुलांच्या डोक्यात असतं आणि परीक्षेत ते कधीच पकडलं जात नाही, कारण परीक्षेत कोणी हे विचारतच नाही. एकट्या अणूला ना तांबूस रंग, ना गारवा. हे गुण अणूंच्या घोळक्याचे. तापवलं की अणू फुगत नाहीत, जोरात हलतात आणि एकमेकांपासून जरा लांब सरकतात.

कंपासच्या आकृतीवर माझा राग आहे असं स्टाफरूममध्ये म्हणतात. राग नाही. सोडियमचा शेवटचा एक इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे कसा जातो, संयुजा एक कशी, याचा हिशोब ठेवायला ती आकृती उत्तम आहे आणि मी ती घोटून घेतेच, मार्क घालवायचे नाहीयेत मला कोणाचे. पण तो अणूचा फोटो नाही हे मी त्याच तासाला सांगते. फोटो बघायचाच असेल तर मोबाईलवर दाखवते, १९८१ मध्ये झुरिकला बिनिग आणि रोरर यांनी असा सूक्ष्मदर्शक बनवला ज्यात अतिशय बारीक सुई पृष्ठभागाच्या जवळून फिरते आणि अणूंचे उंचवटे जाणवतात, मग १९८९ ला त्याच प्रकारच्या यंत्राने झेनॉनचे ३५ अणू एकेक सरकवून आयबीएम अशी अक्षरं काढली गेली. पण त्यातला निळा रंग कॉम्प्युटरने भरलेला, हे पण सांगते. नाहीतर झेनॉन निळा म्हणून पाठ करतील.

शेवटचे दोन तास ज्योतींचे. जुन्या शेगडीची तुटलेली कॉइल असते ना, ती नायक्रोमची, तिचा तुकडा ओला करून मिठात बुडवायचा आणि स्पिरिटच्या दिव्यात धरायचा, ज्योत पिवळीधमक. मोरचूद, हिरवी. खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि मोरचुदाला हात लावला की हात धुवायचे. मग चपलेच्या खोक्याला ब्लेडने बारीक चीर पाडून आत तिरपी सीडी बसवायची (सीडी म्हणजे काय हेच आता सांगावं लागतं) आणि त्यातून बघायचं. पिवळ्या बल्बचा सलग सप्तरंगी पट्टा दिसतो, सीएफएलच्या सुट्या रंगीत रेघा, आणि मिठाच्या ज्योतीची पिवळ्या जागी एकच ठळक रेघ. सूर्याकडे रोखायचं नाही, हे मी दम देऊन सांगते. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या, बुन्सेन आणि किरखॉफ यांनी अशाच अनोळखी रेघा बघून १८६० आणि ६१ मध्ये सिझियम आणि रुबिडियम शोधून काढले.

आणि मग येतं आमचं विजयदुर्ग. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण, त्याचा पट्टा कोकणातून जमखंडीवरून, म्हणजे तेव्हाच्या पटवर्धनांच्या संस्थानातून, थेट गुंटूर आणि मच्छलीपट्टणपर्यंत गेला. जमखंडीला रॉयल सोसायटीने लेफ्टनंट हर्शेलला पाठवलं होतं, गुंटूरला फ्रान्सचा जान्सन होता. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांमध्ये रेघा दिसल्या, त्यात एक पिवळी, आणि पुढे नीट मोजल्यावर कळलं की ती सोडियमच्या रेघांच्या शेजारी आहे पण नेमकी त्यांच्यावर नाही. मिठाच्या ज्योतीची रेघ नुकतीच बघितलेली असते त्यामुळे पोरांना "शेजारी पण त्यावर नाही" म्हणजे काय हे लगेच कळतं. सूर्यावर असं काहीतरी आहे जे पृथ्वीवर कोणी बघितलेलं नाही. हेलियम. पृथ्वीवर तो रॅमसेला सापडला १८९५ मध्ये.

आता आपल्याकडे सांगतात की लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावरून लावला, तिथे साहेबाचे ओटे दाखवतात, १८ ऑगस्टला हेलियम दिवस साजरा होतो. पण लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता, त्याने त्या रेघा २० ऑक्टोबरला तिथूनच, ग्रहण नसताना बघितल्या, आणि ग्रहणाशिवाय बघण्याची युक्ती हेच तर त्याचं कर्तृत्व. तो भारतात पहिल्यांदा आला तो १८७१ च्या ग्रहणाला. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा देवगडकडे मामाचं गाव असलेला एकजण भयंकर चिडला, मॅडम तिथे ओटे आहेत, मी स्वतः बसलोय त्यावर. मी म्हटलं ओटे आहेत ना, मग कोणाचे, कधीचे, कशावरून, ते शोध, ग्रहण तर त्या भागातून दिसलं होतंच. तो दिवाळीच्या सुट्टीत मामाला घेऊन किल्ल्यावर जाणार आहे आणि त्याने माझ्याकडून चपलेचं खोकं मागून नेलंय, कशाला ते विचारलं नाही.

तुरटीतल्या पोटॅशियमची फिकट जांभळी ज्योत मात्र अजून जमलेली नाही. तुरटीत सोडियमचा अंश असतोच आणि पिवळा रंग बाकी सगळं झाकून टाकतो. त्याला निळी कोबाल्टची काच लागते, ती तालुक्यात कुठे मिळेना, आता घरी अत्तराची एक जुनी निळी बाटली आहे तिच्या तळातून बघायचा विचार आहे.